कुशाग्र मुलांचा शोध : अमेरिकन शाळांचा दीडशें वर्षांचा अनुभव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक कराच्या पैशावर चालणाऱ्या शाळांतून कुशाग्र बुद्धीच्या मुलांसाठीं निराळी सोय करण्याचा जो प्रघात आहे, त्यासंबंधीं आपल्याकडे दोन प्रकारच्या समजुती आढळतात. कोणी म्हणतो, तेथें बुद्धीची शास्त्रीय मोजणी होऊन प्रत्येक मुलास त्याच्या वकुबाप्रमाणें शिक्षण मिळतें. कोणी म्हणतो, हा सारा सुखवस्तु लोकांनीं आपल्या मुलांसाठीं काढलेला आडमार्ग आहे. दोन्ही समजुतींस थोडाबहुत आधार आहे. परंतु त्या शाळांचा दीडशें वर्षांचा इतिहास ओळीनें पाहिला म्हणजे आम्हांस तिसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. बुद्धि कशी मोजावी, यावर तेथें ग्रंथांचे ढीग पडले. पण मोजणीच्या खोलीपर्यंत कोणतें मूल न्यावयाचें, आणि तें कोणीं ठरवावयाचें, हा प्रश्न फार थोड्यांनीं आणि फार उशिरां विचारला.

प्रारंभ साधा होता. सेंट लुई शहराच्या शाळांचे अधीक्षक विल्यम टॉरी हॅरिस यांनीं १८६८ पासून अशी व्यवस्था सुरू केली कीं, जें मूल वर्गाच्या पुढें गेलें असेल त्यास वर्षाखेरीची वाट पाहावयास न लावतां मध्येंच वर चढवावें. हॅरिस हे हेगेलच्या तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक. पण या योजनेंत तत्त्वज्ञान फारसें नव्हतें, सोय होती. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत ज्याचा धडा झाला त्यानें पुढें सरकावें, ज्याचा झाला नाहीं त्यानें घोकीत बसावें, असा रिवाज होता. तेथें वर्गाच्या पुढें गेलेलें मूल ही अडचणच उद्भवत नसे. एका वयाचीं चाळीसपन्नास मुलें एका खोलींत बसवून सर्वांस एकच धडा एकाच दिवशीं देण्याची पद्धति आली, तेव्हां ही अडचण जन्मास आली. हॅरिस यांस कोणत्याहि मोजपट्टीची गरज भासली नाहीं. मूल धडा करतें कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे त्यांस पुरत असे.

मोजपट्टी आली ती पॅरिसहून, आणि ती आली अगदीं उलट्या कामासाठीं. १९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें एक समिति नेमली. सामान्य वर्गांत जीं मुलें मागें पडतात त्यांस हुडकून काढून त्यांची निराळी मदत कशी करावी, हा तिच्यापुढील विषय. त्यांतून अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनीं १९०५ सालीं आपली सुप्रसिद्ध प्रश्नमाला तयार केली. ही माला म्हणजे मुलाच्या अंगच्या कांहीं कायमच्या रकमेचें माप आहे, ही कल्पना बिने यांस मुळींच मान्य नव्हती. योग्य शिक्षणानें बुद्धि वाढते, असें त्यांचें ठाम मत होतें. १९११ सालीं ते वारले, आणि त्यांच्या प्रश्नमालेचें पुढें काय झालें हें पाहावयास ते राहिले नाहींत.

पुढें झालें तें कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत. लुईस टर्मन यांनीं १९१६ सालीं या मालेची अमेरिकन आवृत्ति काढली. मानसिक वयास खऱ्या वयानें भागून शंभरानें गुणावें, म्हणजे बुद्ध्यंक येतो; आठ वर्षांच्या मुलानें दहा वर्षांच्या मुलाचीं कामें केलीं, तर त्याचा अंक १२५. हिशेब इतका सुटसुटीत होता कीं, शाळांच्या अधिकाऱ्यांस त्याची भुरळ पडली नसती तरच नवल. मागें पडलेल्यांस शोधण्यासाठीं केलेली पट्टी टर्मन यांनीं उलटी धरली आणि १९२१ पासून ते तिच्या वरच्या टोकाचीं मुलें शोधूं लागले. सुमारें दीड हजार मुलें त्यांनीं जमविलीं. त्यांपैकीं बहुतेकांचा अंक १४० च्या पुढें होता. त्यांचें आयुष्यभर निरीक्षण करावयाचें, असा हा प्रचंड संकल्प. आणि टर्मन १९५६ सालीं वारल्यानंतरहि तो चालू राहिला.

आतां हीं मुलें निवडलीं कशीं, तें पाहावें. राज्यांतील प्रत्येक मुलास तपासणें अशक्य होतें. म्हणून वर्गशिक्षकांस विचारण्यांत आलें कीं, तुमच्या वर्गांतील सर्वांत हुशार मुलें कोणतीं, आणि वयानें सर्वांत लहान मूल कोणतें? या नांवांतूनच पुढील चांचणीसाठीं मुलें घेतलीं गेलीं. गंमत अशी कीं, शिक्षकांनीं ‘सर्वांत हुशार’ म्हणून दिलेल्या मुलांपेक्षां ‘वयानें सर्वांत लहान’ या एका निर्जीव नोंदीनें टर्मन यांस अधिक मुलें मिळवून दिलीं. आयुष्याचीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलेल्या आमच्यासारख्यांनीं या गोष्टीपाशीं अंमळ थांबावें, अशी ती आहे. शिक्षकास नीटनेटकें, आज्ञाधारक, मोठ्या आवाजांत उत्तर देणारें मूल हुशार दिसतें. मागच्या बांकावर खिडकीबाहेर पाहणारें मूल दिसतच नाहीं.

विल्यम शॉकली आणि लुई आल्व्हारेझ या दोन मुलांची त्या वेळीं चांचणी झाली होती. दोघांचाहि अंक अपुरा ठरला. पुढें शॉकली यांस १९५६ सालीं व आल्व्हारेझ यांस १९६८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निवडलेल्या दीड हजारांपैकीं एकासहि तें मिळालें नाहीं. या एका गोष्टीवरून टर्मन यांच्या साऱ्या कामाची थट्टा करण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. दीड हजारांत नोबेलचा मानकरी न निघणें यांत आश्चर्य कसलें? खरा आक्षेप निराळा आहे. टर्मन हे सुप्रजननवादी होते. मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि आदिवासी लोकांच्या मुलांत बुद्धीची उणीव रक्तांतच असावी, असें त्यांनीं १९१६ सालीं छापून ठेवलें होतें. त्यांच्या दीड हजारांत बहुतेक मुलें शहरांतील गोऱ्या, मध्यम स्थितींतील घरांचीं असावीं, हें त्या समजुतीस आणि त्या निवडीच्या रीतीस धरूनच झालें.

याच पट्टीची एक शाखा आपल्याकडेहि आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं टर्मन यांच्या १९१६ च्या आवृत्तीवरून कन्नड आणि मराठी मुलांसाठीं प्रश्नमाला बसविली. बिने-कामत चांचणी या नांवानें ती आपल्या देशांत रूढ झाली. तिचा उपयोग मात्र मुख्यतः बिने यांच्या मूळ कामासाठीं, म्हणजे मागें पडलेल्या मुलांसाठीं होत आला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

टर्मन यांच्या समजुतीस उत्तर त्यांच्याच पट्टीनें मिळालें. पॉल विटी आणि मार्टिन जेन्किन्स यांनीं १९३५ सालीं एका नऊ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा स्टॅनफर्ड-बिने बुद्ध्यंक २०० होता. जेन्किन्स हे स्वतः कृष्णवर्णीय. शिकागोच्या शाळांतून अशा मुलांचा त्यांनीं मुद्दाम शोध केला होता. ज्यानें शोधलें त्यास सांपडलें, इतकी ही साधी गोष्ट. पण तिच्यामुळें शाळांच्या व्यवहारांत फारसा फरक पडला नाहीं.

मुलें निवडल्यावर त्यांस शिकवावयाचें काय, याचा विचार सर्वांत खोलवर केला तो लीटा हॉलिंगवर्थ या बाईंनीं. नेब्रास्कांत शिक्षिका असलेल्या या बाई लग्न होऊन न्यूयॉर्कला आल्या, तेव्हां तेथें विवाहित स्त्रीस शाळेंत नोकरी मिळत नसे. नोकरीची वाट बंद झाली म्हणून त्या पुन्हां शिकूं लागल्या आणि कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापन महाविद्यालयांत प्राध्यापक झाल्या. १९२२ सालीं त्यांनीं मॅनहॅटनमधील एका सार्वजनिक शाळेंत कुशाग्र मुलांचे वर्ग चालविले आणि १९३६ सालीं स्पेयर शाळेंत आपला दुसरा प्रयोग मांडला. त्या शाळेची रचना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तीव्र बुद्धीच्या मुलांचे दोन वर्ग आणि सावकाश शिकणाऱ्या मुलांचे सात वर्ग एकाच छपराखालीं होते. नेहमींचा अभ्यासक्रम हीं तीव्र मुलें अर्ध्या वेळांत उरकीत. उरलेल्या वेळांत वरच्या इयत्तेचीं पुस्तकें पुढें ओढण्याऐवजीं बाईंनीं त्यांस अन्न, वस्त्र, निवारा, वाहनें, कालमापन अशा रोजच्या वस्तूंचा विकास कसा झाला हें शोधावयास लाविलें. थोरांचीं चरित्रें आणि फ्रेंच भाषा हींहि होतीं. अति उच्च बुद्ध्यंकाचें मूल समवयस्कांत एकटें पडतें, त्यास खेळगडी मिळत नाहीं, हें त्यांनीं बारकाईनें टिपलें. बाई १९३९ सालीं वारल्या. आमच्या मतें या साऱ्या इतिहासांत मुलाकडे मूल म्हणून पाहणारी दृष्टि त्यांच्याइतकी क्वचितच कोणाची असेल.

त्यानंतर वीस वर्षें या चळवळीस ओहोटी होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला आणि अमेरिकेस एकाएकीं आपल्या हुशार मुलांची आठवण झाली. पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. गणित, विज्ञान, परकीय भाषा आणि चांचण्या यांवर केंद्राचा पैसा वाहूं लागला. कायद्याच्या नांवांत शिक्षणाच्या आधीं संरक्षण आहे, हें सांगावयास नकोच. १९७२ सालीं शिक्षण-आयुक्त सिडनी मार्लंड यांच्या अहवालानें कुशाग्रतेची व्याख्या रुंदावली. सर्जनशीलता, नेतृत्व, चित्र-नाट्यादि कला यांचाहि तींत समावेश झाला, आणि निदान तीन ते पांच टक्के मुलें या सदरांत येतात असा अंदाज देण्यांत आला. १९८८ च्या जेव्हिट्स कायद्यानें संशोधनास थोडें अनुदान मिळालें. परंतु अशा मुलांची सोय केलीच पाहिजे, असा देशव्यापी हुकूम कधींच निघाला नाहीं. हा कारभार ज्या त्या राज्यावर आणि जिल्ह्यावर राहिला. कोठें आठवड्यांतून कांहीं तास मुलांस वर्गांतून बाहेर काढून निराळें शिकवितात, कोठें स्वतंत्र वर्ग, कोठें स्वतंत्र शाळा, तर कोठें कांहींच नाहीं.

प्रवेशाची वाट मात्र बहुतेक ठिकाणीं एकच राहिली : शिक्षकानें किंवा आईबापांनीं नांव सुचवावें, मग मानसशास्त्रज्ञानें चांचणी घ्यावी, आणि १३० किंवा असाच एखादा अंक गांठला तर प्रवेश द्यावा. १३० च्या पुढें शंभरांत जेमतेम दोनतीन मुलें जातात. शाळेच्या मानसशास्त्रज्ञाची पाळी येईपर्यंत थांबावें लागतें. ज्यांच्या खिशांत पैसा आहे ते खाजगी चांचणी करवून घेतात. न्यूयॉर्क शहरानें २००८ सालीं सर्व भागांसाठीं एकच चांचणी आणि एकच कटरेषा ठरविली, ती न्यायाच्याच हेतूनें. पण परीक्षार्थी चार वर्षांचें मूल! शिकवणीवाल्यांचा धंदा बहरला, आणि गरीब वस्त्यांतून पुरेशीं मुलें पात्र न ठरल्यामुळें तेथील वर्गच बंद पडले. २०२१ सालीं शहराच्या शिक्षणमंडळानें त्या चांचणीचा करार नाकारला.

या सर्व वादांत आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती फ्लॉरिडा राज्यांतील ब्रॉवर्ड जिल्ह्याची हकीकत. हा देशांतील अतिमोठ्या शाळा-जिल्ह्यांपैकीं एक. तेथें निम्म्याहून अधिक मुलें कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषी देशांतून आलेल्या घराण्यांचीं. पण तिसऱ्या इयत्तेंत कुशाग्र ठरलेल्यांत त्यांचा वांटा अवघा २८ टक्के. २००५ सालीं जिल्ह्यानें एकच बदल केला. नांव सुचविण्याची वाट न पाहतां दुसऱ्या इयत्तेंतील प्रत्येक मुलास शब्दांवर न विसंबणारी, आकृतींची एक लहान चांचणी दिली, आणि तींत चमकलेल्यांस पुढील बुद्ध्यंक-चांचणीस पाठविलें. सामान्यतः १३० आणि गरीब किंवा इंग्रजी नव्यानें शिकणाऱ्या मुलांस ११६ हे अंक आधींपासूनचेच होते. त्यांस हात लाविला नाहीं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं त्याचा परिणाम तपासला. हिस्पॅनिक मुलांत कुशाग्र ठरणाऱ्यांचें प्रमाण दोन टक्क्यांवरून सहावर गेलें, कृष्णवर्णीयांत एकावरून तीनवर, आणि गोऱ्या मुलांत सहावरून आठवर. हीं मुलें आकाशांतून पडलीं नव्हतीं. तीं त्याच शाळांत, त्याच बांकांवर होतीं. कोणीं त्यांचें नांव घेतलें नव्हतें.

त्याच दोघांचा दुसरा शोध याहून विचार करावयास लावणारा आहे. ज्या शाळेंत एक जरी कुशाग्र मूल असेल तेथें चौथ्या इयत्तेस स्वतंत्र वर्ग काढावा, असा त्या जिल्ह्याचा नियम होता. एका मुलासाठीं वर्ग कसा भरणार? म्हणून उरलेल्या जागा आदल्या वर्षाच्या परीक्षेंत वर आलेल्या सामान्य बुद्ध्यंकाच्या मुलांस दिल्या जात. वर्षाखेरीस पाहिलें तों बुद्ध्यंकावर निवडलेल्या मुलांची परीक्षेंतील प्रगति फारशी वाढलेली दिसली नाहीं. पण जागा भरण्यासाठीं घेतलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची वाचनांत आणि गणितांत भरघोस प्रगति झाली होती. मागें राहिलेल्या वर्गांचें त्यामुळें कांहीं नुकसान झाल्याचेंहि आढळलें नाहीं. मास्तर त्याच शाळेचे, इमारत तीच. बदलली होती ती सोबत आणि मुलाकडून केली जाणारी अपेक्षा.

आर्थिक मंदीनंतर जिल्ह्याच्या खर्चास कात्री लागली, तींत ही सर्वांची चांचणी सांपडली. ती थांबली आणि नांव सुचविण्याची जुनी रीत पुन्हां सुरू झाली. थोड्याच अवधींत गरीब आणि अल्पसंख्य मुलांचें प्रमाण होतें तेथें परत आलें.