‘ङो कॉक तक’ विषयी तळटीप

* ङो कॉक तक : कॅन्टोनीजमध्ये मत मांडण्याची सर्वांत सोपी सुरुवात, आपलं ‘मला वाटतं’. हाँगकाँगच्या चहाच्या दुकानात ऐकू येते ती हीच. आपल्या ‘वाटणे’सारखंच हे क्रियापद थंडी वाटण्यालाही चालतं. आरंभीचा ‘ङ’ मराठी जिभेला अडतो (बाराखडी सोडली तर तो आपल्याला भेटतो कुठे?), पण हाँगकाँगचे कित्येक लोक स्वतःच तो गाळून नुसतं ‘ओ’ म्हणतात. ‘ङो नम’ म्हटलं की मत जरा अंदाजाकडे झुकतं. ‘यी वै’ मात्र जपून वापरावं : ‘मला वाटलं होतं, पण तसं निघालं नाही’ असा त्याचा सूर असतो. नवशिके इथेच फसतात. नकार सहसा वाटण्यालाच लागतो : ‘ङो म कॉक तक’.

खरी गंमत वाक्याच्या शेपटीत आहे. शेवटी ‘क्वा’ आला की ‘असेल बहुतेक’. खालून चढत्या स्वरातला ‘वो’ आला की ते मत बोलणाऱ्याचं नाहीच, ऐकीव. आपला ‘म्हणे’ नेमकं हेच करतो. मूळ संवादातल्या ‘वो’साठी अनुवादात म्हणूनच ‘म्हणे’ ठेवला आहे. — संपा.