जुन्या संगणकाला बिनतारी जोड : यूएसबी अडॅप्टर निवडताना आणि बसवताना

कर्जत, प्रतिनिधी : ब्रॉडबँडची जोडणी घरात येते ती बहुधा दर्शनी खोलीत. तार जिथून आत घेणे सोयीचे, तिथेच भिंतीवर राऊटर टांगला जातो. संगणक मात्र असतो आतल्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर. दहिवली, भिसेगाव, मुद्रे किंवा पलीकडे खालापूर तालुक्यातील जुन्या वस्त्यांत या दोन खोल्यांमध्ये एखादी जाड दगडी भिंत असते, लोखंडी कपाट असते आणि वर पत्रा. मोबाइलवर वायफाय व्यवस्थित मिळते, पण टेबलावरच्या संगणकाला मिळत नाही. कारण दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या त्या यंत्रात बिनतारी लहरी पकडण्याची सोयच नसते.

एरवी ही अडचण सोसून घेता आली असती. परंतु २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. सीईटी आणि शिष्यवृत्ती यांचे अर्जही आता संकेतस्थळावरच भरावे लागतात. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावताना एक ओळ वरखाली झाली, तर वर्षाचे गणित बिघडू शकते. अशा वेळी धूळ खात पडलेला घरचा संगणक पुन्हा कामाला लावण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे यूएसबी वायफाय अडॅप्टर. अंगठ्याएवढे हे उपकरण काही शे रुपयांत मिळते. मात्र ते आणून खोचले की काम संपले, ही समजूत सोडून द्यावी.

आधी एक गोंधळ दूर करू. सिमकार्ड घालून इंटरनेट देणारे डेटाकार्डही ‘डोंगल’ या नावानेच ओळखले जाते. येथे वर्णन केलेल्या अडॅप्टरमध्ये सिमकार्ड नसते आणि तो स्वतः इंटरनेट आणत नाही. घरातल्या राऊटरशी रेडिओ लहरींनी बोलणे, एवढेच त्याचे काम. थोडक्यात, हा संगणकाचा सुटा भाग दिसत असला तरी मुळात तो एक छोटासा रेडिओ आहे. त्याच्याविषयीच्या निम्म्याअधिक तक्रारी या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे उद्भवतात.

खोक्यावरचे आकडे

बिनतारी जाळ्याचे पहिले मानक १९९७ साली आले. १९९९ मधील ‘बी’ आवृत्तीचा वेग सेकंदाला ११ मेगाबिट होता, २००३ मधील ‘जी’चा ५४. पुढे २००९ मध्ये ‘एन’ आणि त्यानंतर ‘एसी’ व ‘एएक्स’ ही मानके आली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला, तेव्हा कुठे घरोघरी वायफायचा मार्ग मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २०१८ मध्ये बरीच मोठी सवलत मिळाली. आजचे अडॅप्टर या दोनपैकी एका किंवा दोन्ही पट्ट्यांवर चालतात.

खोक्यावर ठळक छापलेला ६०० किंवा १२०० हा आकडा म्हणजे दोन्ही पट्ट्यांवरील कागदोपत्री वेगांची बेरीज असते. ६०० म्हणजे एका पट्ट्यावर १५० आणि दुसऱ्यावर ४३३. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे ही बेरीज प्रत्यक्षात कधीच हाती येत नाही. त्यातही संगणकाचे यूएसबी पोर्ट २.० प्रकारचे असेल, तर त्याची स्वतःची कमाल मर्यादा ४८० मेगाबिटची आहे. घरची जोडणी ५० किंवा १०० मेगाबिटची असताना १२०० च्या अडॅप्टरसाठी पैसे मोजण्यात हशील नाही.

५ गिगाहर्ट्झ वेगवान खरे, पण त्याच्या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात. मध्ये एक दगडी भिंत असेल तर २.४ गिगाहर्ट्झच भरवशाचे ठरते. नव्या गृहसंकुलातील सदनिकेत स्थिती नेमकी उलट असते. तिथे शेजारीपाजारी वीस राऊटर २.४ वर गर्दी करून असतात आणि ५ गिगाहर्ट्झवर मोकळे रान मिळते. म्हणून शक्य असेल तर दोन्ही पट्ट्यांचा अडॅप्टर घ्यावा, हे बरे.

वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची असते आतली चिप. रियलटेक, मीडियाटेक अशा मोजक्याच कंपन्यांच्या चिप अनेक नावांच्या अडॅप्टरमध्ये बसवलेल्या असतात. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत वेगळी चिप असू शकते, आणि मग एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. आवृत्तीचा क्रमांक अडॅप्टरवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. दुकानातच भिंग लावून तो वाचण्याची लाज बाळगू नये.

बसवताना

अडॅप्टरसोबत बहुधा एक छोटी सीडी येते. सीडी ड्राइव्ह बंद पडलेल्या संगणकाच्या मालकाला ती पाहून हताश वाटते, पण त्याची गरज नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर अडॅप्टर लावल्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबावे. अनेकदा ड्रायव्हर आपोआप बसतो आणि घड्याळाशेजारी वायफायचे चिन्ह उमटते.

तसे झाले नाही तर ‘माय कॉम्प्युटर’ उघडून पाहावे. काही अडॅप्टर पहिल्यांदा लावल्यावर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात आणि त्यांच्या पोटातच ड्रायव्हर साठवलेला असतो. तिथली सेटअप फाइल चालवली की ते आपले खरे रूप धारण करतात. नवख्या माणसाला हा प्रकार बिघाड वाटतो आणि तो अडॅप्टर परत करायला निघतो.

तरीही जमले नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जावे. ज्या नोंदीवर पिवळे त्रिकोणी चिन्ह आहे, तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात ‘हार्डवेअर आयडी’ निवडावा. तिथे निर्माता आणि उत्पादन दर्शवणारे दोन चार-चार अक्षरी संकेत दिसतात. आतली चिप कोणती, हे त्यावरून निर्विवाद कळते. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच संकेत ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने मिळतात. ड्रायव्हर शक्यतो अडॅप्टर किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘मोफत ड्रायव्हर’ देऊ करणाऱ्या तिऱ्हाईत संकेतस्थळांवरून ड्रायव्हरपेक्षा कचराच अधिक येतो.

पण इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे, हा पेच कसा सोडवायचा? अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. संगणक मोबाइललाच नेटवर्क कार्ड समजतो. ड्रायव्हर उतरवून घेण्यापुरते एवढे पुरे होते. ही तार मात्र डेटा वाहून नेणारी असावी. केवळ चार्जिंगची स्वस्त तार येथे निरुपयोगी ठरते.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे काहींनी लिनक्सची वाट धरली आहे. त्यांनी तर अडॅप्टर घेण्यापूर्वीच चिपची चौकशी करावी, कारण काही चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो, तर काहींचा स्वतंत्रपणे बांधून घ्यावा लागतो आणि गाभा अद्ययावत झाला की पुन्हा बांधावा लागतो. हौस असल्याशिवाय त्या फंदात पडू नये.

जागा चुकली की

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी अडॅप्टर बसला, ड्रायव्हर बसला, जाळ्याचे नावही दिसले, पण दर पाच मिनिटांनी जोडणी तुटत होती. दोन दिवस ड्रायव्हर काढून घालण्यात गेले. कारण अगदी साधे होते. अडॅप्टर संगणकाच्या पाठीमागच्या पोर्टमध्ये होता, त्याच्या पुढे संपूर्ण पत्र्याचा डबा आणि मागे लोखंडी कपाट. अंगठ्याएवढा रेडिओ दोन पत्र्यांच्या फटीत कोंडला गेला होता. दीड मीटर लांबीची यूएसबीची वाढीव तार आणून अडॅप्टर खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि तक्रार मिटली. ड्रायव्हरला नाहक बोल लावला होता.

ही वाढीव तार अडॅप्टरबरोबरच घ्यावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. यूएसबी २.० च्या नियमानुसार तारेची एकूण लांबी ५ मीटरपेक्षा अधिक असू नये. व्यवहारात दीड-दोन मीटर पुरेसे होतात. तिचा आणखी एक लाभ आहे. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर पसरते, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच एका निबंधातून दाखवून दिले होते. शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना वायफाय मंदावत असेल, तर अडॅप्टर तिच्यापासून दूर न्यावा.

जोडणी विनाकारण तुटण्याचे दुसरे कारण म्हणजे वीजबचत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या भागात संगणकाला हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते. ती काढून टाकावी. घरातल्या मोबाइलला जाळे दिसते आणि अडॅप्टरला नाही, असे झाल्यास राऊटरचा चॅनेल पाहावा. भारतात १३ चॅनेल खुले आहेत. पण अमेरिकी बाजारासाठी बनलेले अडॅप्टर ११ च्या पलीकडे पाहत नाहीत. राऊटरवर १, ६ किंवा ११ ठरवून दिला की प्रश्न सुटतो.

आणि एक गंमत. सर्व काही जुळले, सिग्नल पूर्ण आहे, तरीही प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडण्यास नकार देते. अशा वेळी संगणकातील तारीख पाहावी. अनेक वर्षे बंद असलेल्या यंत्रातला बटणाएवढा सेल संपलेला असतो आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी जुळत नाही. सीआर २०३२ क्रमांकाचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

पाऊस, वीज आणि वायफाय

‘पावसाळ्यात आमचे वायफाय चालत नाही,’ हे वाक्य घाटाच्या पायथ्याशी हमखास ऐकू येते. कर्जत-खालापूरचा पाऊस पाहता ते खरे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरातल्या दहा-वीस मीटर अंतरावर २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर पावसाच्या थेंबांचा परिणाम जवळपास शून्य असतो. बंद पडते ते बाहेरचे : खांबावरची तार, तिचा जोड किंवा वीजपुरवठा. १९१५ पासून मुंबईला वीज पुरवणारे जलविद्युत केंद्र ज्या खोपोलीत उभे राहिले, तिथल्या रहिवाशांनाही श्रावणात राऊटरसाठी छोटा बॅकअप घ्यावा लागावा, हा विरोधाभास म्हणायचा. राऊटर आणि अडॅप्टर एकमेकांशी जोडलेले दिसतात, तरी इंटरनेट नाही, असे असेल तर दोष अडॅप्टरचा नाही, हे ओळखावे. संगणकाला मिळालेला पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर मात्र राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तेव्हा राऊटर बंद करून सुरू करावा.

उलट पावसाळी हवेत बिनतारी जोडणीचा एक फायदाच आहे. तांब्याच्या टेलिफोन तारेवरील ब्रॉडबँडच्या काळात वळवाच्या विजा तारेतून मोडेममध्ये आणि तिथून नेटवर्कच्या तारेने थेट संगणकाच्या मदरबोर्डपर्यंत पोहोचत. अडॅप्टर वापरला की संगणक आणि राऊटर यांच्यात धातूचा दुवा उरत नाही. विजेच्या जोडणीतून येणारा धोका कायम असतो, म्हणून गडगडाट सुरू झाल्यावर प्लग काढण्याची सवय सोडू नये.

कुलूप लावावेच

अडॅप्टर लावल्यावर शेजारच्यांची जाळीही यादीत दिसू लागतात, तशी आपलीही त्यांना दिसतात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी एक धमकीचा ईमेल पाठवला गेला होता. पोलिसांना माग लागला तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराचा. तिथल्या बिनतारी जोडणीचा त्रयस्थांनी गैरवापर केला होता. चौकशीचा ससेमिरा मात्र रहिवाशाच्या मागे लागला. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सेवा कंपन्यांना निर्देश दिले.

राऊटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. डब्ल्यूईपी हे जुने कुलूप २००१ मध्येच फोडले गेले होते. एखादा पुरातन अडॅप्टर केवळ त्यावरच चालत असेल तर तो टाकून द्यावा. राऊटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवला असेल तर जुने अडॅप्टर जोडले जात नाहीत. अशा वेळी दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा. संकेतशब्द मोबाइल क्रमांक किंवा घराचे नाव नसावा. राऊटरच्या तळाला चिकटवलेला मूळ संकेतशब्दही बदलावा, कारण तो पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी मोबाइलवर टिपून नेलेला असतो.

हे सगळे करूनही जोडणी डळमळीत राहिली, तर हट्ट धरू नये. संगणक जागचा हलणार नसेल आणि राऊटर दोन खोल्या पलीकडे असेल, तर छताच्या कडेने पंधरा मीटर नेटवर्कची तार ओढून घेणे हा जुनाच उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. ही तार १०० मीटरपर्यंत चालते आणि तिला ड्रायव्हर शोधावा लागत नाही. विजेचा दुवा मात्र पुन्हा जुळतो, तेवढे ध्यानात ठेवून वळवाच्या दिवसांत तीही काढून ठेवावी.