बंदुकीची माशी आणि खानदेशचें ऊन

बंदुकीच्या नळीच्या तोंडाशीं वरच्या अंगास जो बारीक दाणा बसविलेला असतो, त्यास माशी म्हणतात. मागच्या अंगास जी खाचेची उभी पट्टी असते, तीस फार्सींत दीदबान असा शब्द आहे. दीदबान म्हणजे टेहळ्या. खाचेंतून माशी व माशीवरून लक्ष्य, अशी तिहींची एक रेषा साधली म्हणजे नेम झाला. ही माशी उन्हांत चकाकूं लागली म्हणजे काय होतें, व तिचा बंदोबस्त कसा करीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय. विषय लहान खरा. परंतु त्याचा पुरावा आमच्या डोळ्यांदेखत दर दसऱ्यास थोडथोडा नाहींसा होत आहे, म्हणून हा प्रपंच.

नंदुरबारास बंदूक म्हटली कीं ९ सप्टेंबर १९४२ हा दिवस आठवतो, व तें योग्यच आहे. बाल शिरीषकुमार व त्याचे चार सोबती त्या दिवशीं पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. आम्हांस येथें त्याहून जुन्या, तोड्याच्या बंदुकीविषयीं लिहावयाचें आहे.

संस्कृतज्ञ वाचक लागलीच शुक्रनीतीचें नांव काढतील. नालिकेच्या मुळाशीं व अग्राशीं लक्ष्यभेदास्तव तिलबिंदु असावा, असें त्या ग्रंथांत सांगितलें आहे. गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८० मध्यें याच ग्रंथाच्या आधारें प्राचीन भारतांत बंदूक होती असें प्रतिपादिलें, आणि आपल्याकडे पुष्कळांस तें गोड वाटलें. परंतु हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील आहे, असें लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ मध्यें साधार मांडलें. आम्हांस तें मान्य आहे. तेव्हां तिलबिंदु हा शब्द प्राचीनतेचा पुरावा नव्हे. तीळ काळा, म्हणून माशीही काळी करीत, असें कोणी म्हणेल; पण इतका अर्थ त्या बापड्या शब्दाकडून वदवून घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आतां चकाकीचा विचार. वाटोळ्या दाण्यावर ऊन पडलें कीं सूर्याकडील अंगास तेजाचा एक ठिपका उमटतो व उरलेला दाणा डोळ्यास लोपतो. नेमबाज त्या ठिपक्यासच माशी समजून तो लक्ष्यावर आणतो. अर्थात् खरी माशी सूर्याच्या उलट अंगास सरते आणि गोळीही तिकडेच जाते. उत्तरेकडे तोंड करून उभ्या असलेल्याची गोळी सकाळीं डावीकडे चुकते, सायंकाळीं उजवीकडे. खाच व माशी यांत एक वार अंतर धरलें, आणि ठिपका माशीच्या मध्यापासून एक षोडशांश इंच बाजूस धरला, तर शंभर वारांवर ती चूक शंभरपट, म्हणजे सव्वासहा इंच होते.

हा हिशेब आमच्या प्रदेशास लावून पाहण्यासारखा आहे. तापी पूर्वपश्चिम वाहते व सातपुडा तिच्या उत्तरेस. अक्राणीच्या वा तोरणमाळाच्या वाटेनें खालून चढणाऱ्या फौजेचें तोंड उत्तरेस, डोंगरांतल्या भिल्लाचें दक्षिणेस. डिसेंबरांत येथें भर दुपारींही सूर्य दक्षिणेकडे सुमारें ४५ अंशांवरच असतो. चढणाऱ्याच्या पाठीवरचें ऊन त्याच्या माशीवर समोरून पडावें. भिल्लाचे डोळे दिपले तरी त्याची माशी छायेंत, काळी व रेखीव दिसावी. मात्र ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत आंबापाणी येथें नाईकांच्या लोकांशीं इंग्रजी फौजेची जी लढाई झाली, तिला हें अनुमान लावूं नये. एप्रिलांत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो.

उपाय साधा आहे, तो म्हणजे काजळ. कापराच्या ज्योतीवर माशी क्षणभर धरली कीं तिच्यावर मखमलीसारखी काळी पूड बसते व लकाकी मरते. डोळ्यांत घालावयाचें काजळ आमच्या बायका याच ज्योतीवर धरीत. पाश्चात्त्य नेमबाजही कापूर जाळीत. पुढें त्यांनीं कार्बाइडचा दिवा आणला. काजळी बोट लागतांच पुसते, हा तिचा दोष. म्हणून लोखंडावर मुद्दाम गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून नळी तपकिरी करण्याची रीत निघाली. १८०० सालच्या बेकर रायफलची नळी अशी होती. त्यापुढें माशीवर टोपी बसवूं लागले, किंवा तिचें नेमबाजाकडील अंग आंतल्या बाजूस उतरतें कापून तें सदा सावलींत ठेवूं लागले. गंमत अशी कीं अंधारांत गरज नेमकी उलट असते. रात्रीं वाघाच्या शिकारीस जाणारे इंग्रज हस्तिदंताची पांढरी माशी उभी करीत. आमच्याकडील कित्येक बंदुकांची माशी पितळेची आढळते, ती केवळ शोभेची म्हणून सोडून देऊं नये. तिन्हीसांजेस तिचा उपयोग होतो.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर तोड्याच्या बंदुका हातांतून सुटून भिंतीवर गेल्या, आणि तेथें त्यांस नवा शत्रु भेटला. शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशीं घरोघर त्या चिंच व राख लावून, तांब्याच्या हंड्याप्रमाणें, लख्ख घासल्या जातात. चिंचेच्या आंबटानें गंजाचा तपकिरी थर निघतो. मग पाहुणे वाहवा करितात, आणि ती नळी मुळांत काळी होती कीं उजळ, हें कोणासच सांगतां येत नाहीं. पूजेस फूल व हळदकुंकू पुरे; फार तर तेलाचा बोळा फिरवावा.

ज्यांच्या घरीं अशी बंदूक असेल त्यांनीं नळीच्या वरच्या अंगावर भरंवसा ठेवूं नये. दस्त्याच्या लाकडांत बसलेली खालची बाजू, गज ठेवण्याच्या खोबणीलगतचा भाग, आणि माशीच्या बुडाशीं असलेली बारीक फट, इतक्या जागीं चिंच सहसा पोंचत नाहीं. मूळचा रंग राहिला असल्यास तेथेंच राहिला असेल. तो दिवसाच्या उजेडांत पाहून, बंदूक न घासतां, टिपून ठेवावा.