जुनी गाडी ठेवावी की नवी घ्यावी?



गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली की घरोघरी हा वाद निघतो. मुलं म्हणतात विका, घरातले ज्येष्ठ म्हणतात, "आमच्या काळी एकच गाडी पंचवीस वर्षं चालायची." तेही खरंच आहे. पण ती का चालायची, हे समजून घेतलं तर आजचा निर्णय सोपा होतो.

आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. आगबोटी आणि विमानांनंतर त्यांनी मोटारींचा ध्यास घेतला होता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1947 पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे इटलीची फियाट आली, आणि तिचीच 1970 च्या दशकात 'पद्मिनी' झाली. 1972 साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून 'चेतक' स्कूटर आली. एक चितोडची राणी, दुसरा महाराणा प्रतापांचा घोडा. दोन्ही नावं मेवाडची!

पण तेव्हा किती गाड्या बनवायच्या, हे कारखानदार ठरवत नसे, सरकारी परवाना ठरवत असे. परदेशी गाड्यांची आयातही जवळजवळ बंद होती. त्यामुळे स्कूटरसाठी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. दहा वर्षं थांबलेली घरंही होती. नंबर लागलेली स्कूटर बाजारात कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त पैशाला विकली जायची. हिशेबाच्या पुस्तकात घसारा लिहायचा आणि बाजारात भाव चढायचा, असा तो उलटा काळ.

म्हणजे गाडी जपण्यात काटकसर होती, तशी नाइलाजाची बाजूही होती. शिवाय यंत्र साधं होतं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी, बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. गल्लीतला मेकॅनिक पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती चालू करून द्यायचा. वर्षानुवर्षं तेच मॉडेल असल्याने सुटे भागही सहज मिळत.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि चित्र बदलू लागलं. 1993 साली मोटारगाड्यांवरचं परवान्याचं बंधन उठलं. 2000 च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाल्या. चेतकही बंद झाली आणि 2020 मध्ये विजेवर चालणारी होऊन परतली.

आता आकडे पाहू. दहा लाखांची गाडी घेतली आणि आयकरातल्या 15 टक्के दराने दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा धरला, तर पहिल्याच वर्षी दीड लाख जातात. पाच वर्षांनी साडेचार लाखांच्या आत किंमत उरते, म्हणजे वर्षाला सरासरी एक लाख अकरा हजार गेले. तीच गाडी दहाव्या वर्षात असताना घसारा साधारण पस्तीस हजारच पडतो. त्या वर्षी दुरुस्तीला चाळीस हजार लागले तरी बेरीज पंचाहत्तर हजार. नव्या गाडीचं कर्जाचं व्याज तर अजून धरलेलंच नाही. निव्वळ पैशाच्या हिशेबात चांगली ठेवलेली जुनी गाडी जिंकते.

पण वहीत न दिसणाऱ्या दोन रकमा आहेत. पहिली सुरक्षिततेची. नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक 2019 पासून सक्तीचे झाले आणि एअरबॅगचे नियमही त्यानंतर कडक होत गेले. दुसरी धुराची. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 मानक लागू आहे. जुन्या गाडीचा धूर आपण सोडतो आणि शेजारच्याचं लेकरू श्वासात घेतं. अहिंसा मानणाऱ्या घराने हा खर्च शून्य धरू नये.

म्हणून पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ आली की तीन प्रश्न विचारा. ब्रेक, टायर आणि पत्रा तपासणीत खरोखर ठणठणीत आहेत का? पीयूसी प्रामाणिकपणे मिळते का? आणि गाडी रोज नातवंडांना घेऊन हमरस्त्यावर जाते, की फक्त देरासर आणि मंडईपर्यंत? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल आणि वापर जवळचाच असेल, तर शेजाऱ्यांची नवी गाडी पाहून आपली विकू नका. परिग्रह-परिमाण व्रत अशाच वेळी उपयोगी पडतं. पण पत्रा गंजला असेल, ब्रेकचा भरवसा नसेल, तर "आमच्या काळी चालायची" म्हणून ती ओढत बसू नका. त्या काळी दुसरी गाडी मिळतच नव्हती. आज मिळते.