नॉटिलस पाणबुडी प्रकरण

नॉटिलस पाणबुडी प्रकरण : (ऑगस्ट २०१७). डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनजवळच्या समुद्रात ‘यूसी ३ नॉटिलस’ ही घरगुती बनावटीची पाणबुडी बुडाली आणि तिच्यावर मुलाखतीसाठी गेलेली स्वीडिश पत्रकार किम वॉल बेपत्ता झाली. त्यातून उभा राहिलेला हा खुनाचा खटला. डेन्मार्कमध्ये याला नुसते ‘पाणबुडी प्रकरण’ म्हणतात. नाव तोंडी बसले असले तरी फसवे आहे, कारण पाणबुडीला अपघात झालाच नव्हता, ती बुडवलेली होती. आरोपीने एकामागून एक जबाब बदलले आणि त्यातला प्रत्येक जबाब समुद्रातून पुढची वस्तू वर येईपर्यंतच टिकला. या प्रकरणाचे वेगळेपण इथे आहे.

पाणबुडी बांधणारा पीटर मॅडसन (जन्म १९७१) हा शिक्षणाने अभियंता नव्हता. स्वतः शिकलेला, वेल्डिंग आणि इंजिनांत हात बसलेला, माणसे गोळा करण्यात वाकबगार असा तो गृहस्थ होता. फ्रेया आणि क्राका या दोन लहान पाणबुड्या आधी करून पाहिल्यावर स्वयंसेवकांच्या मदतीने त्याने तिसरी बांधली. सुमारे १८ मीटर लांब, पाण्याखाली ४० टन भरणारी, डिझेल इंजिनांची ही बोट ३ मे २००८ रोजी कोपनहेगनच्या बंदरात उतरवली गेली. खर्च सुमारे १५ लाख क्रोनर. खाजगी माणसाने बांधलेल्या पाणबुड्यांत ती त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होती. आत आठ माणसे मावत, पण चालवायला एकटा पुरे. या दुसऱ्या सोयीचा अर्थ पुढे लागला.

नाव ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतून घेतलेले. त्या नॉटिलसचा कॅप्टन नेमो हा मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७च्या उठावात इंग्रजांशी लढलेला, असे व्हर्नने ‘मिस्टीरियस आयलंड’ (१८७४–७५) या पुढच्या कादंबरीत उघड केले आहे.  जगाशी वैर धरून पाण्याखाली राहणारा आणि आपल्या बोटीवर आपलाच कायदा चालवणारा नायक मॅडसनला जवळचा वाटला असावा. वर्तमानपत्रांनी हे साम्य पुरेपूर वापरले. ते जरा जास्तच झाले, कारण नेमोच्या बोटीवर पाहुणे जिवंत राहिले होते.

पाणबुडीनंतर मॅडसन अग्निबाणांकडे वळला. २००८ साली त्याने एका वास्तुविशारद सहकाऱ्याबरोबर ‘कोपनहेगन सबऑर्बिटल्स’ हा हौशी प्रकल्प सुरू केला. देणग्यांच्या पैशांवर माणसाला अवकाशाच्या सीमेपर्यंत नेऊन आणायचे, हे उद्दिष्ट. सप्टेंबर २०१० मध्ये बोर्नहोम बेटाजवळ अग्निबाण उडवायचा म्हणून त्याचा तरंगता तळ नॉटिलसनेच रेटत नेला. द्रवरूप ऑक्सिजनची झडप गोठू नये म्हणून तिथे केस वाळवायचा साधा ड्रायर लावला होता. त्याला वीज पुरली नाही, झडप गोठली आणि अग्निबाण जागचा हलला नाही. जगभरच्या पत्रकारांना या मंडळींचे आकर्षण होते ते अशाच गोष्टींमुळे. जून २०११ मध्ये उड्डाण झाले. २०१४ साली मॅडसन तिथून भांडून बाहेर पडला आणि ती मंडळी होती त्याच रेफ्शालेओन बेटावर, जुन्या जहाजबांधणीच्या गोदामांत, त्याने स्वतःची प्रतिस्पर्धी संस्था काढली. नॉटिलसही पुढे त्याच्या एकट्याच्या मालकीची झाली. बरीच वर्षे दुरुस्तीसाठी काठावर पडलेली ही बोट एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा पाण्यात आली.

किम वॉल (१९८७–२०१७) दक्षिण स्वीडनमधल्या ट्रेलेबोर्गजवळची. आई पत्रकार, वडील छायाचित्रकार. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तिचे शिक्षण झाले. श्रीलंका, हैती, युगांडा, उत्तर कोरिया, मार्शल बेटे अशा ठिकाणांहून तिने ‘गार्डियन’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘हार्पर्स’ आदींसाठी स्वतंत्रपणे वार्तांकन केले. मार्शल बेटांवरच्या अणुचाचण्यांच्या कचऱ्याविषयीच्या वृत्तमालिकेत तिचा वाटा होता. धोक्याच्या देशांत फिरून आलेल्या या बाईवर वेळ आली ती आईवडिलांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. एकाच बेटावर अग्निबाणांची शर्यत लावणाऱ्या दोन हौशी गटांवर तिला लिहायचे होते. मॅडसनकडे तिने मुलाखत मागितली होती, उत्तर येत नव्हते.

ते आले १० ऑगस्टला. त्या संध्याकाळी किम आणि तिचा जोडीदार बीजिंगला राहायला जाणार म्हणून बंदरकाठी मित्रांची निरोपाची मेजवानी चालली होती. मॅडसनचा निरोप आल्यावर ती तासा-दोन तासांत परतते म्हणून पाहुण्यांतून उठली. सातच्या सुमारास नॉटिलस निघाली, काठावरच्या मित्रांनी हात हलवले. थोड्या वेळाने जोडीदाराला तिचा संदेश आला : अजून जिवंत आहे, आता खाली चाललोय, याने कॉफी आणि बिस्किटेही आणलीत. थट्टेच्या सुरातला हा संदेश न्यायालयात वाचून दाखवला गेला. साडेआठच्या सुमारास एका पर्यटक जहाजावरून कुणीतरी मावळत्या उन्हात पाणबुडीच्या मनोऱ्यात उभ्या असलेल्या दोघांचे छायाचित्र घेतले. त्यानंतर तिला कुणी पाहिले नाही.

मध्यरात्रीनंतर जोडीदाराने पोलिसांना कळवले आणि हेलिकॉप्टर, जहाजे शोधाला लागली. दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्टला, सकाळी नॉटिलस क्योगे उपसागराच्या बाजूला दिसली. मॅडसन मनोऱ्यात उभा होता. तो एकदा आत उतरला, पुन्हा वर आला, तोवर बोट खाली जाऊ लागली होती. एका खाजगी नावेने त्याला उचलून ड्रागोरच्या धक्क्यावर आणले. तिथे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने अंगठा उंचावून आपण ठीक असल्याचे सांगितले. पाणी भरायच्या टाकीत किरकोळ बिघाड झाला, तो दुरुस्त करायला गेलो आणि मोठा झाला, बोट अर्ध्या मिनिटात गेली, असे त्याचे म्हणणे. मुलगी? तिला रात्री साडेदहाच्या सुमारास रेफ्शालेओनच्या टोकावर एका उपाहारगृहाजवळ उतरवून दिली होती, असे त्याने सांगितले. हा पहिला जबाब.

तिथे पाणी जेमतेम सात मीटर खोल होते. १२ ऑगस्टला पाणबुडी वर काढली तेव्हा आत कुणीच नव्हते आणि ती मुद्दाम बुडवल्याच्या खुणा मिळाल्या. प्रेत नसताना पोलिसांनी मॅडसनला निष्काळजीपणे मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपाखाली कोठडीत ठेवले. आपल्याकडच्या वकिलांना इथे लगेच भारतीय पुरावा कायद्याचे कलम १०६ आठवेल (२०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १०९ झाले). जी गोष्ट खास एकाच माणसाला ठाऊक असणार, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. मयत शेवटची कुणाबरोबर दिसली, या मुद्द्यावर आपल्या न्यायालयांत किती खटले उभे राहतात ते सांगायला नको. इथे तर शेवटच्या भेटीचे छायाचित्रच होते.

दुसरा जबाब बंद दाराआडच्या सुनावणीत दिला गेला. पोलिसांनी तो २१ ऑगस्टला जाहीर केला : बोटीवर अपघात होऊन ती मेली आणि मी तिला समुद्रातच मूठमाती दिली. त्याच दिवशी दुपारी आमागर बेटाच्या किनाऱ्यावरून सायकलने जाणाऱ्या एकाला पाण्याच्या कडेला मानवी धड दिसले. दोन दिवसांत डीएनए जुळले. प्रेत वर येऊ नये यासाठी काय काय केले होते, हे त्या धडावरूनच वाचता आले. त्याला धातूचे वजन बांधलेले होते.

पाण्याखालचे प्रेत शोधणे हा या तपासाचा खरा गाभा. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या तलावात कुणी बुडाले की ढिवर मंडळी डोंगे घालून, गळ टाकून, बुड्या मारून शोधतात. नाही सापडले तर दोन-तीन दिवस थांबतात, कारण कुजण्याचे वायू धरून प्रेत आपसूक वर येते आणि साठलेल्या पाण्यात ते फार लांब जात नाही. ओरेसुंडच्या सामुद्रधुनीत यातले काहीच लागू नव्हते. बाल्टिकचे कमी खारे पाणी तिथून बाहेर वाहते, उत्तरेचे जड खारे पाणी तळाने आत शिरते आणि वाऱ्याबरोबर प्रवाहाची दिशा पालटते. शिवाय वजन बांधून टाकलेली वस्तू वर येण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

म्हणून पोलिसांनी स्वीडनमधून प्रेताचा वास घेणारे प्रशिक्षित कुत्रे मागवले. तळाशी पडलेल्या अवशेषांतून सुटणारे वायू बारीक बुडबुड्यांनी पृष्ठभागावर येतात, आणि नावेच्या नाळेवर उभा असलेला कुत्रा नाक पाण्याशी नेऊन तो वास टिपतो. पण कुत्रा जिथे भुंकला त्याच्या बरोबर खाली वस्तू नसते, बुडबुडा वर येईपर्यंत प्रवाह त्याला बाजूला नेतो. मग सागरशास्त्रज्ञांनी प्रवाहाचे हिशेब करून ‘वास इथे, तर वस्तू तिथे’ असा पट्टा आखून द्यायचा आणि पाणबुड्यांनी त्या पट्ट्यात चिखलाचा तळ हाताने चाचपायचा. पाणबुडीचा रात्रीचा मार्ग जुळवून शोधाचे क्षेत्र आणखी आवळले. मराठीत पाणबुडी आणि पाणबुड्या हे शब्द एकाच पोटचे. या प्रकरणात पहिलीने लपवले ते दुसऱ्यांनी काढले.

६ ऑक्टोबरला क्योगे उपसागराच्या तळाशी वजन घातलेल्या पिशव्या सापडल्या. त्यांत शिर, पाय आणि किमचे कपडे होते. मॅडसनने तोवर सांगितले होते की मनोऱ्याचे जड झाकण हातातून सुटून तिच्या डोक्यावर आदळले. कवटीला तडा गेलेला नव्हता, त्यामुळे झाकणाची कथा संपली. ऑक्टोबरअखेर तिसरी गोष्ट पुढे आली : आपण वर असताना इंजिनाचा विषारी धूर आत कोंडला आणि ती गुदमरली. प्रेताचे तुकडे केल्याचे मात्र आता त्याला मान्य करावे लागले. नोव्हेंबरात हातही सापडले. मृत्यू नेमका कशाने झाला हे वैद्यकीय तपासणीत शेवटपर्यंत ठरले नाही.

खटला ८ मार्च २०१८ रोजी कोपनहेगन नगर न्यायालयात न्यायाधीश आनेटे बुर्को यांच्यासमोर सुरू झाला. सरकारी वकील याकोब बुक-येपसेन यांनी मांडणी केली ती पूर्वतयारीवर. करवत, टोकदार केलेले स्क्रूड्रायव्हर आणि बांधायचे पट्टे या वस्तूंना मुलाखतीच्या फेरीत काय काम होते? कार्यशाळेतल्या संगणकात बायकांच्या छळाची आणि हत्येची चित्रणे मिळाली होती. न्यायाधीश आणि त्यांच्यासोबतचे दोन नागरिक-सदस्य यांनी २५ एप्रिल २०१८ रोजी एकमताने मॅडसनला हत्या, लैंगिक अत्याचार आणि प्रेताची विटंबना या तिन्ही आरोपांत दोषी धरून जन्मठेप दिली. डेन्मार्कमध्ये एका खुनासाठी जन्मठेप क्वचितच होते. अपील केवळ शिक्षेपुरते होते. वरच्या न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी ते फेटाळले.

कबुली आली ती न्यायालयाबाहेर. एका पत्रकाराने तुरुंगातून दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांवरची मालिका सप्टेंबर २०२० मध्ये दाखवली गेली. तीत मॅडसनने खून केल्याचे मान्य केले. पुढच्याच महिन्यात, २० ऑक्टोबरला, हेरस्टेडवेस्टर तुरुंगातून खोटे पिस्तूल आणि खोटा स्फोटकांचा पट्टा दाखवून तो पळाला आणि जवळच पोलिसांनी त्याला घेरले. त्याबद्दल आणखी २१ महिने मिळाले. तुरुंगात बसून त्याने बाहेरच्या स्त्रियांशी संबंध जुळवल्यावरून संताप झाला. शेवटी जन्मठेपेच्या कैद्यांना पहिली दहा वर्षे नवे प्रेमसंबंध जोडायला मनाई करणारा कायदा करण्यात आला.

नॉटिलस पोलिसांनी २०१८ च्या अखेरीस मोडीत काढली. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेले ‘टायटन’ ही खाजगी पाणबुडी फुटून पाच जण मेले, तेव्हा नॉटिलसचे नाव पुन्हा निघाले. ही तुलना चुकीची आहे. टायटनमध्ये बांधणी फसली. नॉटिलस तिच्या मालकाच्या हातात शेवटपर्यंत नीट चालत होती.

किमचे आईवडील इंग्रिड आणि योआकिम वॉल यांनी २०१८ साली लेकीवर पुस्तक लिहिले. स्त्री पत्रकारांना वार्तांकनासाठी अनुदान देणारा तिच्या नावाचा निधी आंतरराष्ट्रीय महिला माध्यम प्रतिष्ठानातर्फे चालतो. तपासावर टोबियास लिंडहोम यांनी २०२० साली सहा भागांची मालिका केली. तीत गुन्हेगार पडद्यावर येत नाही आणि त्याचे नावही उच्चारले जात नाही. बहुतेक वेळ जातो तो नावा, कुत्रे, नकाशे आणि हात हलवत परत येणारे पाणबुडे दाखवण्यात. वॉल कुटुंबाचा पाळीव कुत्रा मात्र तीत स्वतःच्याच भूमिकेत आहे.