अणूचे गुपित आणि माडबनचा सडा

एप्रिल १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संविधान सभेत अणुशक्तीचे विधेयक मांडले, तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सभासदांनी एक मार्मिक शंका उपस्थित केली. ब्रिटनच्या कायद्यात गुप्ततेचे बंधन संरक्षणविषयक कार्यापुरते आहे; आपण ते शांततेच्या संशोधनावरही का लादावे? या दोहोंत भेद कसा करावा हे आपणास कळत नाही, असे नेहरूंनी प्रांजळपणे सांगितले. पुढचा सारा इतिहास या उत्तरातून उलगडतो, असे आम्हांस वाटते.

ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने १९६० साली संशोधनासाठी सुरू झाली आणि १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले. मे १९९८ मध्ये तर आपले शास्त्रज्ञ लष्करी गणवेश चढवून, खोटी नावे धारण करून वाळवंटात वावरले. बॉम्बच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. परंतु विजेचे काय?

१९६२च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम १८ने अणुकेंद्रांची माहिती रोखून धरण्याचा अधिकार शासनास दिला. त्यात नियोजित केंद्रेही आली. १९९५ साली ए. गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील नियामक मंडळाने अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेसंबंधी सुमारे १३० मुद्दे एका अहवालात नोंदविले. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी तो मागितला. शासनाने त्याच कलमावर बोट ठेवले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाची बाजू ग्राह्य धरली. बॉम्बचे रहस्य शत्रूपासून जपावे. पण वीजकेंद्रातील उणीव शेजारच्या गावापासून जपावी, हे आम्हांस पटत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याचे ठरले. विरोध वाढताच २०१०च्या अखेरीस जमावबंदीचे आदेश निघाले. एका निवृत्त न्यायमूर्तींनाही जिल्ह्यात येण्यास मनाई झाली. कायद्याचे कलम वेगळे, पोलिसी हुकूम वेगळा, हे खरे. वळण मात्र एकच: प्रश्न विचारणारा तो संशयित.

अणुभट्ट्यांतून बाहेर पडणाऱ्या ऊन पाण्याने खाडीमुखाशी मासळी टिकेल का, हा साखरी नाटे येथील मच्छीमारांचा प्रश्न होता. शत्रूच्या उपयोगी पडेल असे त्यात काही नव्हते. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एक तरुण मरण पावला.