अल्पसंख्याक विकास विभागाची निर्मिती आणि कोकणातील बेने इस्राएल समाज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एखाद्या समाजघटकासाठी शासनाने स्वतंत्र कार्यालय उघडणे ही वरकरणी केवळ प्रशासकीय घटना वाटते. परंतु ते कार्यालय कोणासाठी, हे शासनास आधी ठरवावे लागते. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९७५ मध्ये कायद्याद्वारे स्पॅनिश-भाषकांच्या प्रश्नांसाठी आयोग व कार्यालय निर्माण केले. तेथील निकष भाषेशी निगडित होता. महाराष्ट्रात २००८ मध्ये अल्पसंख्याक विकास विभाग अस्तित्वात आला, तेव्हा योजनांचा मुख्य निकष धर्म हा होता. निकषाची ही निवड एका लहान समाजाच्या वाट्याला कशी आली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

विभागाची पार्श्वभूमी :
केंद्र शासनाने १९७८ मध्ये अल्पसंख्याक आयोग नेमला. १९९२ च्या अधिनियमाने त्यास वैधानिक दर्जा मिळाला. १९९३ च्या अधिसूचनेत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व पारशी या पाच समाजांचा समावेश झाला. जैन समाजाची भर २०१४ मध्ये पडली. महाराष्ट्राने राज्य आयोगासाठी २००४ मध्ये अधिनियम केला. २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक कार्य मंत्रालय स्थापन झाले आणि त्याच वर्षी सच्चर समितीने मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक व आर्थिक मागासलेपणाचा अहवाल सादर केला. राज्यातील स्वतंत्र विभागाची निर्मिती या पार्श्वभूमीवर झाली. लोकसंख्येने मोठ्या समाजाचे मागासलेपण आकडेवारीने सिद्ध झाले आणि शासनास दखल घेणे भाग पडले, हे या विभागाचे निर्विवाद महत्त्व होय.

सूचीबाहेरील समाज :
तथापि आकडेवारीत जो मावत नाही, त्याचे काय? मोरा बंदराच्या दक्षिणेस अलिबागजवळ नवगाव आहे. आपले पूर्वज तेथील किनाऱ्यास लागले, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय व शनिवारची विश्रांती यांमुळे गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांशी असलेले नाते दर्शवितात. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. मागे उरलेला समाज संख्येने अत्यल्प असूनही १९९३ च्या सूचीत नव्हता. महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, म्हणजे विभाग स्थापन झाल्यानंतर आठ वर्षांनी. हा दर्जा राज्यापुरता असून केंद्राच्या सूचीत या समाजाचा समावेश नाही.

धर्म की भाषा? :
राज्यघटनेचे अनुच्छेद ३० धार्मिक व भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरवावे, असा निर्णय दिला. त्यामुळे पनवेलमधील गुजराती भाषक भाषिक अल्पसंख्याक ठरतो आणि बेळगावातील मराठी भाषकही. बेने इस्राएलांची मातृभाषा मात्र मराठी. येथे ते भाषेने बहुसंख्याक व धर्माने अल्पसंख्याक. इस्राएलमध्ये नेमके उलट. तेथे त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, शासकीय कार्यालय ज्यांची नोंद सूचीत आहे त्यांनाच पाहू शकते. संख्याबळ असलेल्या समाजाची मागणी समिती व अहवाल यांच्याद्वारे शासनापर्यंत पोहोचते. संख्याबळ नसलेल्यास शतकानुशतकांचा रहिवास असूनही वाट पाहावी लागते. अल्पसंख्याक ही संकल्पनाच संख्येने दुर्बल असलेल्यांच्या संरक्षणासाठी असताना सर्वांत लहान समाजाची नोंद सर्वांत शेवटी व्हावी, हा विरोधाभास आहे. म्हणूनच अशा विभागाचे मूल्यमापन करताना लाभार्थींच्या संख्येइतकेच सूचीबाहेर कोण राहिले, हेही अभ्यासकांनी तपासले पाहिजे. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांना हा अभ्यास आपल्या परिसरातूनच सुरू करता येईल.